शेवंतीचा संग्रह उन्हाळ्यात ठरतो

अमळनेर,
8 जानेवारी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा गच्चीचा फोटो मिळाला. 14 कुंड्या आणि 14 रंग पाहून मन प्रसन्न झाले, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचा मजकूर तुला जरा कडू लागेल. पुढच्या हिवाळ्यापर्यंत 50 वाण जमवायचे तर ते कुठून आणावेत, असे तू विचारले आहेस. माझे म्हणणे असे की, यंदा नवे एकही रोप विकत आणू नकोस. या 14 पैकी किती रोपे आषाढात जिवंत आहेत ते मला कळव, मग पंधराव्याचे बोलू. बहरलेली शेवंती दिवाळीनंतर कोणालाही विकत आणता येते; मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो त्या आपल्या खानदेशात तोच वाण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा फुलवून दाखवला, तरच तो आपल्या संग्रहात आहे असे मी मानते.

शेवंतीचा वाण बियांतून राखता येत नाही. पिढ्यानपिढ्यांच्या संकरातून आलेले हे झाड असल्यामुळे त्याच्या बियांपासून उगवलेली रोपे आईसारखी निघत नाहीत. वाण टिकतो तो फुटव्यातून किंवा शेंड्याच्या छाटकलमातून, म्हणजे त्याच झाडाचा जिवंत तुकडा पुढे नेत राहण्यातून. ही साखळी एका उन्हाळ्यात तुटली, तर तो वाण आपल्यापुरता संपला. म्हणून फूल सुकल्यावर कुंडी कोपऱ्यात ढकलण्याची जी सवय बहुतेकांना असते, ती तू आजच सोड. बहर ओसरला की दांडे जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटावेत आणि कुंडी उन्हातच असू द्यावी. माघापर्यंत बुडाशी कोवळे फुटवे वर येतात. मुळांसकट अलगद सुटे केलेले तेच फुटवे आपले पुढच्या वर्षाचे भांडवल.

आता उन्हाळ्याचे सांगते. चैत्रापासून या रोपांना सकाळचे ऊन पुरे असते. दुपारी सावली हवीच. मी अंगणाच्या पूर्वेला बांबूच्या चौकटीवर पऱ्हाटी पसरून मांडव करते. कापूस वेचून झाल्यावर शेतकरी ती उपटतातच, त्यामुळे बैलगाडीभर सहज मिळते, आणि हिरव्या जाळीपेक्षा तिच्याखाली हवा अधिक खेळती राहते असा माझा अनुभव आहे. कुंडीतल्या मातीवर केळीच्या वाळक्या पानांचे तुकडे अंथरावेत. गच्चीची फरशी तापते, म्हणून कुंड्या विटांवर ठेवाव्यात.

पाण्याविषयी मात्र माझी फजिती ऐक. 2011 च्या मे महिन्यात मी लग्नकार्यासाठी 12 दिवस नाशिकला होते. माझ्यामागे शेजारच्या मुलाने मोठ्या आपुलकीने दोन्ही वेळा प्रत्येक कुंडी काठोकाठ भरली. परतल्यावर पाहते तो पाने लोंबलेली आणि माती चिखल झालेली. रोप उपटून पाहिले तर मुळे तपकिरी होऊन बोटात साल सोडत होती. पाने लोंबलेली दिसली की तहान समजून आपण आणखी पाणी घालतो, पण कुजलेल्या मुळांचे झाडही अगदी तसेच लोंबते. माझे 40 पैकी 29 वाण त्या एका पंधरवड्यात गेले. त्या मुलाला मी काही बोलले नाही, कारण बोट मातीत दोन पेरे घालून ओल पाहायची आणि मगच पाणी द्यायचे, एवढे साधे मी त्याला सांगून गेले नव्हते.

मातीही त्या नुकसानीला कारण होती. आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी असेल, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. त्या वर्षापासून मी पोयटा, जाड वाळू आणि दोन वर्षांचे मुरलेले शेणखत समभाग घेते, आणि कुंडीच्या तळाशी खापराचे तुकडे घालायला विसरत नाही.

गेलेल्या 29 पैकी 6 वाण मला परत मिळाले, तेही केवळ मी ते पूर्वी लोकांना वाटले होते म्हणून. तेव्हापासून माझा नियम आहे की, प्रत्येक वाणाची तीन रोपे करायची आणि त्यांतले एक दुसऱ्या घरी द्यायचे, शक्य असल्यास दुसऱ्या गावात. जो वाण कोणालाही न देता तू जपशील, तो हरवला तर कोणाकडे मागणार?

नावांच्या बाबतीत मी जरा कठोर आहे, हे तुला माहीत आहे. आपल्याकडे हार-वेणीच्या शेवंतीत राजा, झिपरी, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात हीच फुले भाव खातात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शेवंतीचा मोठा संग्रह आहे, आणि तिथून निघालेल्या वाणांना स्वतःची नावे आहेत. पांढऱ्या सुट्या फुलांचा ‘बीरबल साहनी’ त्यांपैकीच एक. परंतु रोपवाटिकेत जे रोप ‘हायब्रीड’ एवढ्याच नावाने मिळते, त्याला फोटोशी ताडून नाव देऊ नये. तुझ्या यादीतल्या 14 पैकी 9 नावे तू तशीच दिली आहेस, असे मला दिसते. ती खोड. त्याऐवजी ‘अनाम, पिवळी, स्पून, धुळे बाजार, डिसेंबर 2024’ असे लिही. ही नोंद दिसायला गरीब आहे, पण खरी आहे. पाकळी चमच्यासारखी (म्हणजेच स्पून), नळीसारखी की कोळ्याच्या पायांसारखी, फूल आत मिटलेले की बाहेर वळलेले, कळी पहिल्यांदा कधी दिसली आणि पहिले फूल कधी उमलले, हे वहीत तारखेनिशी असावे.

पाटी मार्करने लिहू नये. आपल्या उन्हात ती शाई दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. प्लास्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेले कित्येक वर्षे वाचता येते. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने अनुक्रमांक कोरला आणि ती पट्टी मातीत पुरून ठेवली, तर वरची पाटी एखाद्या माकडाने पळवली तरी झाडाची ओळख बुडत नाही. आमच्याकडे माकडांचा हा उद्योग खरोखर चालतो.

तुझी एक तक्रार अशी की, गेल्या वर्षी वीतभर उंचीची आणलेली गुलाबी शेवंती यंदा कमरेइतकी झाली. त्यात तुझी चूक नाही. विक्रीच्या कुंड्यांतील रोपांना अनेकदा वाढ रोखणारे औषध दिलेले असते. त्याचा परिणाम सरला की झाड आपल्या मूळ उंचीवर येते. तिला आटोक्यात ठेवायचे तर शेंडे खुडावे लागतात. आषाढात शेंड्याकडची 6-7 सेंटीमीटरची कलमे वाळूत लाव. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. रोप जोमाला लागले की पहिला शेंडा खुड, महिन्याने दुसरा, आणि पोळ्यानंतर कात्री बंद, कारण त्यानंतर खुडलेल्या शेंड्याबरोबर फूलही मागे पडते.

त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. शेवंती लांब रात्रीची वाट पाहणारी वनस्पती आहे. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडले, आणि शेवंती त्या नियमाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरली. आपल्या अक्षांशावर जूनमधला दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांच्याही खाली येतो. रात्र लांबत जाते आणि हवा थंडावते, तशी कळी धरते. मला हे पुस्तकाआधी एका झाडाने शिकवले. कुंपणाजवळची माझी पांढरी रेवडी एका वर्षी भिंतीच्या बाजूने फुलांनी भरून गेली आणि रस्त्याच्या बाजूने नुसती हिरवीगार राहिली. मी खत बदलले, मावा शोधला, अगदी कुंडीही फिरवून पाहिली. शेवटी एका रात्री पाणी प्यायला उठले, तेव्हा रस्त्यावरच्या नव्या दिव्याचा पांढरा झोत नेमका त्या अर्ध्या झाडावर पडलेला दिसला. तुझ्या फोटोत उजवीकडच्या तीन कुंड्यांना कळी नाही आणि वर जिन्याचा दिवा आहे. तो रात्रभर जळत असेल, तर कुंड्या हलव.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्यासारख्या जिज्ञासू माणसाला कधी ना कधी भेटणारच. गुलाबी झाडावर एकच फांदी तांबूस-पिवळी फुलते. ते वाणाचे उत्परिवर्तन असते आणि अनेक नामांकित वाण असेच जन्माला आले आहेत. अशा वेळी आनंदाच्या भरात लगेच नाव ठेवू नये. बुडातून निघणारा फुटवा त्या फांदीच्या खालून येतो, म्हणून तो जुनाच गुलाबी रंग आणतो. नवा रंग हवा असेल तर त्याच फांदीला दोरा बांधून खूण करावी, तिचे फूल काढून टाकून बाजूचे कोंब फुटू द्यावेत आणि त्यांची कलमे करावीत. माझ्याकडे असा रंग दोनदा आला. पहिला मी दोरा न बांधल्यामुळे गमावला, दुसरा चार हिवाळे स्थिर आहे आणि वहीत अजून ‘अनाम, 17-ब’ एवढीच त्याची नोंद आहे.

माव्याकडे लक्ष असू दे. काळा मावा कळीच्या देठाशी दाटीने बसतो; सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुतला की बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही, मात्र हे सकाळीच करावे म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने सुकतात. एरवी पाणी बुडाशीच द्यावे. ओल्या पानांवर खालून वर काळे ठिपके चढत जातात.

माघी पौर्णिमेनंतरच्या रविवारी इकडे ये. झिपरीचे आणि 17-ब चे फुटवे तोवर सुटे करण्याजोगे होतील. ओले फडके, जुनी वर्तमानपत्रे आणि पट्ट्यांसाठी दोन रिकामे डबे घेऊन ये; पत्रा कापायची कात्री माझ्याकडे आहे. वही आणायला विसरू नकोस, ती 9 नावे खोडलेली मला पाहायची आहेत.

तुझी,
काकू