सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? आधी धूर बघा

हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बदललं, डिझेलचा इंजेक्शन पंप उतरवून परत बसवला, डिझेल फिल्टर नवा टाकला आणि आता सेल्फ जोरात फिरूनही सहा सिलिंडरचं इंजिन पकडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कामाआधी गाडी नीट चालू होत होती. म्हणजे जिथे हात लागला तिथेच शोधा, हेड पुन्हा उतरवायची घाई नको.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. सगळं त्यावरच अडलंय. कुणाला तरी सेल्फ मारायला बसवा आणि स्वतः मागे जाऊन बघा. धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत जात नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर डिझेल जातंय, पेटत नाही.

धूर नसेल तर पहिल्यांदा पंपाचा स्टॉप लिव्हर, म्हणजे डिझेल बंद करणारा दांडा, बघा. पंप बसवल्यावर केबल चुकीची जोडली गेली की लिव्हर बंदच्या बाजूला राहतो, आणि मग कितीही सेल्फ मारा, उपयोग शून्य. तो ठीक असेल तर हवा काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आल्यावरच स्क्रू आवळा. तसंच पंपावरच्या स्क्रूला करा. शेवटी नोझलकडचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडचे) पाइपचे नट साधारण एक आटा सैल करून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. डिझेल उडायला लागलं की आवळा.

इतकं करूनही हवा येत राहिली तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन तपासा. तिथे ओढ असते, त्यामुळे जोड बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि आत हवा घेत असतो. थेंब शोधून काही हाती लागत नाही. तेवढ्यापुरता पारदर्शक नळीचा तुकडा लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. बॅन्जो बोल्टचे (डिझेलचे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने तांब्याचे वायसर पुन्हा वापरले असतील तर बदलाच. जुन्या फिल्टरचं रबर वरच चिकटून राहून त्यावर नवं बसलंय का, हेही बघा.

पांढरा धूर येत असेल तर मला पंपाच्या टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारलं जायच्या वेळेचा, संशय आहे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत पंपाची एकच फेरी होते, त्यामुळे फ्लायव्हीलवरची (क्रँकला जोडलेल्या जड चाकावरची) खूण दोनदा जुळते आणि त्यातली एकच खरी असते. टॅपेट कव्हर काढा. खूण जुळलेली असताना पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताला ढिले लागले पाहिजेत. ते दाबलेले असतील तर तुम्ही एक फेरी चुकलात.

बॅटरी आणि अर्थची पट्टीही एकदा बघून घ्या. सेल्फ एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दोनेक मिनिटं थांबा. फिरता फिरता तो एकदम धाडकन अडला तर लगेच सोडा: सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं आणि जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांच्या गाडीला कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी पद्धत) आहे, त्यांनी नोझलचे नट सैल करायचा प्रकार अजिबात करू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. ते डिझेल कातडीत शिरलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण आत नुकसान वाढत जातं. दुखायची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.