प्रश्न तुमचे: हवाई मेळाव्यातील गर्दी आणि स्टॉलधारक

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश या गावी दर वर्षी जुलैच्या अखेरीस भरणाऱ्या 'ईएए एअरव्हेंचर' या हवाई मेळाव्याची माहिती आम्ही गेल्या अंकात दिली होती. १९५३ साली मिलवॉकीत विमानबांधणीच्या मोजक्या हौशी मंडळींनी सुरू केलेला आणि १९७० पासून ऑशकॉशच्या विमानतळावर स्थिरावलेला हा मेळावा २०२५ साली सुमारे ७ लाख ४ हजारांच्या उपस्थितीपर्यंत पोहोचला, हे वाचून मराठवाड्यातील अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. बहुतेकांना विमानांपेक्षा गर्दीचे आणि त्या गर्दीत दुकान मांडणाऱ्यांचे कुतूहल अधिक असल्याचे दिसले. जत्रा-उरुसांच्या या मुलुखातून असे प्रश्न यावेत, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेनेच्या कसरती पाहण्यास सुमारे १५ लाख लोक जमल्याचे वृत्तपत्रांत वाचले होते. मग ऑशकॉशच्या दुप्पट गर्दी आपल्याकडेच झाली असे म्हणायचे का? आणि ही माणसे मोजतो तरी कोण?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर: हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडता येणार नाहीत, कारण ते वेगवेगळ्या रीतीने तयार झालेले आहेत. मरीना हा मोकळा किनारा आहे. तेथे ना तिकीट होते ना फाटक. अशा ठिकाणचा आकडा हा अंदाज असतो आणि तो बांधण्याची एक जुनी पद्धत १९६० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी सुचवली. मैदानाचे क्षेत्रफळ मोजावे. गर्दी विरळ असेल तर माणशी १० चौरस फूट आणि दाट असेल तर साडेचार चौरस फूट धरून भागाकार करावा, अशी ती साधी पद्धत आहे. आपल्या हिशेबाने एका गुंठ्यात विरळ गर्दीची सुमारे १०९ आणि दाट गर्दीची सुमारे २४० माणसे मावतात. पुढाऱ्याच्या सभेला 'लाखाची गर्दी' होती असे कोणी सांगितले, तर मैदान किती गुंठ्यांचे होते एवढे विचारून पाहावे. बराच उलगडा होतो.

ऑशकॉशला कुंपण, फाटके आणि मनगटावर बांधायचे पट्टे असतात, त्यामुळे तेथे अंदाजाची गरज कमी पडते. मात्र तो मेळावा सोमवार ते रविवार असा सात दिवस चालतो. ७ लाख ४ हजारांना सातांनी भागले, तर दिवसाला सरासरी एक लाखाच्या थोडे वर येतात. शिवाय आठवडाभराच्या उपस्थितीची बेरीज करताना सातही दिवस आलेला मनुष्य सात वेळा मोजला जातो, आणि ऑशकॉशला तर तंबू ठोकून राहणाऱ्यांचीच संख्या ४० हजारांच्या घरात असते. त्यामुळे 'किती जण आले' आणि 'किती वेळा फाटक ओलांडले गेले' हे प्रश्न वेगळे ठेवलेले बरे.

व्यवस्थेच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आकडा तिसराच असतो, तो म्हणजे एकाच वेळी मैदानात किती माणसे आहेत. चेन्नईत सारी गर्दी सकाळी ११ ते दुपारी १ या दोन तासांसाठी उन्हात उभी होती आणि कार्यक्रम संपताच एकदमच रस्त्यांवर व रेल्वे स्थानकांत उतरली. त्या दिवशी पाच जणांचा मृत्यू झाला. उन्हाचा तडाखा, पिण्याच्या पाण्याची टंचाई आणि बाहेर पडण्यातील कोंडी यांची चर्चा नंतर बरेच दिवस चालली. तेवढीच माणसे दिवसभरात हळूहळू आली आणि गेली असती, तर पाण्याचा आणि वाहनांचा हिशेब वेगळा झाला असता.

प्रश्न: वाळूज औद्योगिक वसाहतीत आमचा सीएनसी मशिनिंगचा (संगणक-नियंत्रित यंत्रांवर धातू कापून भाग घडवण्याचा) लघुउद्योग असून आम्ही दुचाकींचे सुटे भाग करतो. ऑशकॉशला ७ लाख लोक येत असतील, तर त्यांतील शंभरात एकाने चौकशी केली तरी सात हजार चौकशा होतात. तेथे स्टॉल घ्यावा का?
— एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: आपला गुणाकार बरोबर आहे, मात्र ज्या आकड्याला आपण गुणले तो आपला नाही. हा मेळावा ८०० हून अधिक स्टॉलधारक आपापसांत वाटून घेतात, आणि वाटणी कधीच समान होत नाही. मोठ्या विमान कंपन्या आणि इंजिन व उपकरणे बनवणारे उद्योग उघड्यावर आपले भव्य मंडप उभारतात. लहान विक्रेते मुख्यतः ए, बी, सी आणि डी अशा नावांच्या चार मोठ्या शेडमध्ये ओळीने बसतात, आणि अवजारे व जुने भाग विकणाऱ्यांचा 'फ्लाय मार्केट' नावाचा बाजार वेगळा भरतो. मोठ्या प्रदर्शनांत जुन्या स्टॉलधारकांना आपली जागा राखण्याची मुभा सहसा असतेच, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला ओळीतील मोक्याची जागा क्वचित येते.

दुसरे असे की, ही गर्दी एकजिनसी नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तेथे प्रवेश विनामूल्य असल्याने सहकुटुंब आलेल्यांची संख्या मोठी असते आणि ही मंडळी टोप्या, सदरे, खेळण्यातील विमाने घेतात. दुपारी हवाई कसरती सुरू झाल्या की बहुतेक लोक धावपट्टीकडे सरकतात आणि शेडमधल्या वाटा रिकाम्या पडतात. विक्रेत्याच्या दृष्टीने खरा दिवस सकाळचा असतो. बुधवारी आणि शनिवारी रात्री कसरती असतात, त्यांचाही स्टॉलला विशेष उपयोग नाही.

आपला ग्राहक या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. अमेरिकेत स्वतः विमान बांधणाऱ्यासाठी नोंदणीचा स्वतंत्र वर्ग आहे. विमानाच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौसेने, शिकण्यासाठी केलेला असेल तर ते त्या वर्गात बसते. कारखान्यात तयार झालेल्या प्रमाणित विमानाला मान्यताप्राप्त भागच बसवावे लागतात. हौशी बांधणीच्या विमानाला ती अट नसते, तेथे भागाची निवड बांधणाऱ्याची आणि जबाबदारीही त्याचीच. लहान कारखानदारासाठी दार किलकिले आहे ते येथेच. हा ग्राहक दिसायला अगदी साधा असतो. पत्र्याचे दोन तुकडे रिव्हेट ठोकण्यापूर्वी तात्पुरते जुळवून धरणारी 'क्लेको' नावाची स्प्रिंगची पकड असते. ३/३२ इंचाच्या भोकाला रुपेरी, १/८ ला तांब्याच्या रंगाची आणि ५/३२ ला काळी. अशा जुन्या पकडींच्या पेटीत हात घालून हा मनुष्य एकेक दाबून पाहतो, ढिली स्प्रिंग बाजूला टाकतो आणि निवडलेल्या मूठभर घेऊन पुढे जातो. सकाळभरात त्याने आपल्या स्टॉलवर एकच प्रश्न विचारला, तरी तो धातूची जात, उष्णतासंस्कार आणि मोजमापाची अचूकता यांविषयीचा असेल. आपल्या विक्रीप्रतिनिधीला त्याचे उत्तर जागेवर देता आले पाहिजे. 'कारखान्यात विचारून कळवतो' म्हटले की तो गेला.

यांतील पुष्कळ जण स्वतःच्या लहान विमानाने येतात आणि पंखाखाली तंबू ठोकतात. अशा विमानात परतीच्या वजनाला मर्यादा असते, म्हणून हलकी वस्तू जागेवर खपते आणि जड वस्तूची केवळ नोंदणी होते.

आता कागदपत्रांचा भाग. प्रदर्शनात मांडून परत आणायच्या मालासाठी 'एटीए कार्नेट' हा सीमाशुल्काचा कागद मिळतो. भारतात तो 'फिक्की' ही उद्योगसंघटना देते. विकून टाकायच्या किंवा फुकट वाटायच्या मालासाठी तो चालत नाही. बी-१ या अमेरिकेच्या व्यवसाय-भेटीच्या व्हिसावर स्टॉल मांडणे, नमुने दाखवणे आणि भारतातून पाठवायच्या मालाची ऑर्डर नोंदवणे बसते. काउंटरवर पैसे घेऊन माल देण्याचा विचार असेल, तर आधी जाणकाराचा लेखी सल्ला घ्यावा. विस्कॉन्सिनचा ५ टक्के विक्रीकरही किरकोळ विक्रीला लागतो.

आमचे स्पष्ट मत असे की, पहिल्या वर्षी आपण स्टॉल घेऊ नये. प्रेक्षक म्हणून जावे, चारही शेड पायाखाली घालाव्यात आणि आपल्यासारखाच माल मांडणाऱ्याच्या स्टॉलसमोर सकाळचे दोन तास उभे राहून किती जण थांबतात व किती जण नुसते पाहून जातात ते मोजावे. त्याआधी बंगळुरूजवळच्या येलहंका येथे दर दोन वर्षांनी भरणारे 'एरो इंडिया' हे विमान-प्रदर्शन पाहणे स्वस्तात पडेल. तेथे २०२३ साली ८०० हून अधिक प्रदर्शक होते आणि पहिले तीन दिवस केवळ व्यवसायासाठी राखलेले होते. गर्दी कमी, पण आलेला प्रत्येक जण कामाचा. मात्र संरक्षण आणि नागरी विमान उद्योगातील खरेदीदार आपल्याला प्रथम एएस ९१०० या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र विचारील, हे धरून चालावे.

प्रश्न: माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आमच्या कुटुंबाचे खाद्यपदार्थांचे दुकान असते. विमानांच्या प्रदर्शनात असे दुकान लावता येते का? भाडे भरून जागा मिळेल काय?
— एक व्यावसायिक, लोहा, जि. नांदेड

उत्तर: यात्रेत ज्याप्रमाणे ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे जागेचे पैसे भरून पाल ठोकता येते, त्याप्रमाणे कुंपणाच्या आत ते शक्य नसते. खाद्यसेवेचा ठेका आयोजक आधीच ठरवतात आणि आपल्याला त्या ठेकेदाराच्या हाताखाली शिरावे लागते. विमानतळावर आणखी एक अडचण असते, ती पक्ष्यांची. २०२५ च्या एरो इंडियासाठी बंगळुरू महापालिकेने येलहंका वायुसेना तळापासून १३ किलोमीटरच्या परिसरात २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी या काळात मांसविक्रीची दुकाने आणि मांसाहारी पदार्थ देणे बंद ठेवले होते, कारण उघड्यावर टाकलेल्या अवशेषांवर घारी जमतात आणि कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाला घारीची धडक जीवघेणी ठरू शकते. आपला धंदा भजी, चहा, उसाच्या रसाचा असला तरी उष्टे आणि चोथा झाकून नेण्याची व्यवस्था दाखवल्याशिवाय अशा ठिकाणी कोणी उभे करणार नाही. गर्दीच्या दिवसांचीही खात्री करून घ्यावी. व्यवसायाच्या दिवशी येणारे पाहुणे बहुधा कंपन्यांच्या दालनातच जेवतात. आपली विक्री होईल ती शेवटच्या, सामान्य प्रेक्षकांच्या दोन दिवसांत.

प्रश्न: आपल्याकडे घरी विमान बांधणारे कोणीच नाहीत का? आणि आमच्या मुलीला असे प्रदर्शन दाखवायचे, तर जवळचे कोणते?
— एक पालक, धाराशिव

उत्तर: आहेत, पण फार थोडे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले होते. बांधणारेच विरळा असल्याने त्यांना रिव्हेट आणि पत्रा विकणारा किरकोळ दुकानदारही आपल्याकडे उभा राहत नाही, आणि दुकानदार नाही म्हणून नवा बांधणारा बिचकतो. जवळच्या प्रदर्शनाविषयी सांगायचे, तर हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर सम वर्षी 'विंग्ज इंडिया' भरते. नागरी विमानवाहतुकीचे हे प्रदर्शन मराठवाड्याला बंगळुरूपेक्षा जवळचे आहे. सामान्य प्रेक्षकांचे दिवस कोणते ते पाहूनच तिकीट काढावे.

प्रश्न: आमचे मंडळ उन्हाळ्यात शहराबाहेरच्या मैदानावर विमानांच्या प्रतिकृतींचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरवू इच्छिते. सुमारे पन्नास स्टॉल असतील. काय काळजी घ्यावी?
— एका मंडळाचे सचिव, परभणी

उत्तर: सर्वप्रथम उन्हाळा हा विचार सोडावा. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कोणी मैदानावर थांबणार नाही आणि थांबले तर ते धोक्याचे होईल. जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी योग्य ठरेल.

मैदान निवडताना माती पाहावी. २०१० साली मेळाव्याच्या तोंडावर इतका पाऊस झाला की ऑशकॉशची गवताळ मैदाने भिजून गेली, येणाऱ्या अनेक विमानांना आसपासच्या विमानतळांवर थांबवावे लागले आणि लोकांनी त्या वर्षाचे नाव 'स्लॉशकॉश' ठेवले. तेथील जमीन गवताने बांधलेली, तरी ही गत झाली. आपल्या काळ्या रानात अवकाळीची एक सर आली की मोटारींची चाके चिखलात रुततात आणि स्टॉलपर्यंत ग्राहक पोहोचत नाही, हे आपण जाणताच. म्हणून मुरमाड जागा शोधावी किंवा निदान वाहनतळ आणि स्टॉलची वाट यांवर मुरूम टाकून घ्यावा.

कोरड्या हवेचा धोका उलटा असतो. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी एरो इंडियाच्या वाहनतळावर आग लागून सुमारे ३०० मोटारी जळाल्या. वाळलेले गवत आणि दाटीने उभी केलेली वाहने यांमुळे आग पसरत गेली. वाहनतळावरील गवत कापून ते उचलूनही न्यावे. अनेक जण कापतात आणि तेथेच ढीग लावून ठेवतात. मोटारींच्या ओळींमध्ये मोकळे पट्टे सोडावेत आणि मंडळाचे कार्यकर्ते सतत फिरते ठेवावेत.

स्टॉलच्या रचनेत एक चूक सर्रास होते. जास्त भाडे मिळते म्हणून प्रवेशद्वाराला लागूनच स्टॉल मांडले जातात, लोक तेथेच थबकतात आणि मागच्यांची कोंडी होते. प्रवेशानंतरचा भाग मोकळा सोडून रांगा आत सुरू कराव्यात, आणि त्या अशा असाव्यात की प्रतिकृती उडत असताना पाहणारी गर्दी स्टॉलच्या तोंडाशी उभी राहणार नाही. उड्डाण सुरू असताना स्टॉलवर विक्री जवळपास थांबते, म्हणून दोन उड्डाणांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती ठेवल्यास स्टॉलधारक तक्रार करणार नाहीत. स्टॉलधारकांना मंडळाने 'इतके हजार येतील' असे सांगू नये. गेल्या वर्षी कार्यक्रम झाला असेल तर फाटकावरची दर तासाची नोंद दाखवावी, नसेल तर भाडे कमी ठेवावे.

पाण्याचे टँकर प्रवेशद्वाराशी न ठेवता स्टॉलच्या रांगांच्या दोन्ही टोकांना उभे करावेत आणि त्यांच्या येण्याजाण्याची वाट लोकांच्या वाटेपासून वेगळी ठेवावी. अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका यांनाही तीच वाट लागेल, म्हणून तिची रुंदी अग्निशमन अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष मैदानावर बोलावूनच ठरवावी.