'ही लेणी' की 'हे लेणे'?

विचारणा अशी आहे: 'लेण्याद्रीवर गणपती आहे ती लेणी फार मोठी आहे' हे वाक्य बरोबर का? आणि लेणे म्हणजे तर दागिना, मग डोंगरात कोरलेल्या देवळाला तो शब्द कसा?

आधी दागिन्याचं. 'डोंगराच्या अंगावरचा अलंकार म्हणून लेणे' ही उपपत्ती ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. दागिन्याचं लेणे हे अंगावर घालणे या अर्थाच्या 'लेणे' क्रियापदाचं: काजळ ल्यायली, शालू लेवून आली. डोंगरातलं लेणे संस्कृत 'लयन' वरून, प्राकृत 'लेण' होऊन आलं. लयन म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्यात 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो' असं आहे: हे लेणे करवले आणि या पाण्याच्या पोढ्याही. (लेणी बघणारे आजही कोरलेल्या टाक्याला पोढी म्हणतात.) त्याच्या तोंडचं 'लेणं' आणि आपल्या तोंडचं 'लेणं' यांत काही फरक उरलाय का? कार्ल्याच्या चैत्यातल्या लेखात 'सेलघर', म्हणजे शैलगृह, असाही शब्द आहे. तो मात्र बोलीत टिकला नाही.

आता लिंग. नाणे-नाणी, गाणे-गाणी, तसं लेणे-लेणी. एक ते लेणे, अनेक ती लेणी. 'खिशात एक नाणी होती' असं कुणी म्हणत नाही, पण 'एक लेणी पाहिली' सर्रास ऐकू येतं. याचं कारण मला असं दिसतं की लेणी सहसा समूहाने असतात, म्हणून कानावर पडतं ते अनेकवचनच. शिवाय 'ही', 'कार्ल्याची', 'पाहिली' ही रूपं नपुंसकलिंगी अनेकवचनाला आणि स्त्रीलिंगी एकवचनाला सारखीच. 'ही कार्ल्याची लेणी पाहिली' यातून लिंग कळतच नाही. मग ऐकणारा नदी-वाडीच्या रांगेत शब्द बसवतो आणि पुढे 'लेणीत' असं रूपही करतो. 'लेणी क्रमांक १६' हे तर छापूनही येतं. हवं 'लेणे क्रमांक १६'.

तो १६ क्रमांक म्हणजे वेरूळचं कैलास. ते चहूबाजूंनी मोकळं उभं आहे, गुहेसारखा अंधार नाही, म्हणून काहींना लेणे म्हणणं पटत नाही. पण शब्दात अंधाराची अट नाहीच. खटकायला हवं ते दुसरंच: 'कैलास मंदिर बांधले'. बांधायला काहीतरी जोडावं लागतं. इथे आठव्या शतकात, राष्ट्रकूट काळात, वरून खाली दगड काढत गेले आणि शिखर पायथ्याच्या आधी झालं. म्हणून कोरले किंवा खोदले म्हणावं. मंदिर म्हणायला हरकत नाही, एकाश्म, म्हणजे एकाच दगडातलं, मंदिर म्हटलं तर जास्तच नेमकं.

लेण्याद्रीचं नावच 'लेण्यांचा डोंगर' असं आहे. गणपती आहे तो मूळचा बौद्ध विहार, क्रमांक ७, मधे एकही खांब नसलेला. देऊळ तिथे नंतर झालं. तेव्हा तुमचं वाक्य असं: 'लेण्याद्रीवर गणपती आहे ते लेणे फार मोठे आहे.' बोलताना 'लेणं' म्हटलंत तर उत्तमच.