साडेतीन वर्षांच्या मुलीला प्राणी आणि आकडे एकत्र शिकवायचे आहेत, कोणते फ्लॅशकार्ड आणि वर्कशीट घ्यावेत?

फ्लॅशकार्ड घेऊच नका. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवतेय म्हणून स्पष्टच सांगते, वाघाच्या चित्राशेजारी छापलेल्या ४ शी या वयाच्या मुलांना काही देणंघेणं नसतं. त्यापेक्षा प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट आणा, थोडे शेंगदाणे घ्या आणि म्हणा, "हत्तीला तीन दे, माकडाला दोन दे." झालं गणित सुरू.

मी आधी ज्या शाळेत होते तिथे गॅदरिंगला एका मुलाने माईकवर पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हटले, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, माकडाला चार दाणे दे. त्याने एकाच दाण्यावर बोट ठेवून दोन आकडे म्हटले, मधले दोन दाणे सोडून दिले आणि शेवटी अख्खी मूठ माकडापुढे ओतली. पोरगा हुशार होता हो, त्याला फक्त म्हणायला शिकवलं होतं, मोजायला नाही. मी हे संचालिका बाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "मग पालकांना मीटिंगला काय दाखवायचं, शेंगदाणे?" माझं डोकंच फिरलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, तिथे पानं, बिया, शिंपले, खडे हेच शिकवायचं साहित्य होतं, आणि इथे आपण पुण्यात बसून पोरांकडून पाठांतर करून घेतोय.

मग मी भांडून कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाची सहल काढली. चितळांपाशी त्याच मुलाचा गोंधळ उडाला, कारण ती सारखी हलत होती आणि तो एकच हरीण परत परत मोजत होता. मगरी मात्र ओंडक्यासारख्या पडलेल्या. त्याने बोट दाखवत मोजलं, एक, दोन, तीन. "किती आहेत?" विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. परत विचारलं, परत मोजल्या. पुढच्या वेळी विचारल्यावर मात्र थांबला, मगरींकडे बघितलं आणि नुसतं "तीन" म्हणाला! शेवटचा आकडा म्हणजेच सगळ्या मिळून किती, हे त्याला तिथे कळलं, आणि हे कुठलंही कार्ड शिकवत नाही. परत जाताना त्याने आपणहून चितळांचे दोन गट केले, शिंगवाली आणि बिनशिंगाची. वर्गीकरण वर्गीकरण म्हणतात ते हेच. शाळेत येऊन बाईंना सांगितलं तर त्यांचा प्रश्न, "वर्कशीट किती भरली?"

प्राणी ओळखण्याचंही तसंच. स्वस्तातल्या तक्त्यांवर चित्त्याचं चित्र छापून खाली बिबट्या लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, बिबट्याचे ठिपके मधून पोकळ, फुलासारखे. मुलीला एवढे दोन फरक दाखवा, ती तुम्हालाच शिकवेल. नाव पाठ करून घेण्याआधी पाय किती, शेपटी कशी, अंगावर पट्टे की ठिपके हे विचारत जा.

वर्कशीटचं म्हणाल तर आकडा लिहायची घाई नको, आत्ता पाचपर्यंत नीट मोजता आलं तरी खूप झालं. आणि हो, शेंगदाणे म्हटलं खरं, पण या वयात दाणा घशात अडकू शकतो, म्हणून ती तोंडात घालत असेल तर बाटलीची मोठी झाकणं घ्या आणि समोरून हलू नका. कात्रजला गेलात तर तिथल्या प्राण्यांना काहीही खायला घालायचं नाही, आणि बुधवारी बंद असतं.

ॲडमिशनला जाल तेव्हा एक करा, संचालकांना विचारा की तुमच्याकडची मुलं काय मोजतात. "शंभरपर्यंत" असं उत्तर आलं तर सरळ दुसरी शाळा बघा.