पाइनची कुंडी घेण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला निळ्या कुंडीचा फोटो पाहिला. कुंडी देखणी आहे, पण तुझ्या पाइनच्या बोन्सायसाठी घेऊ नकोस. घेऊन झाली असेल तर राहू दे, पुढेमागे बोगनवेलीला कामी येईल.

रंगाचं आधी सांगून टाकते. चकचकीत ग्लेझच्या, म्हणजे काचेसारखा लेप दिलेल्या कुंड्या फुलाफळांच्या आणि पानगळीच्या झाडांना शोभतात. पाइनची साल खडबडीत, भेगाळलेली. त्याला बिनग्लेझची, तपकिरी किंवा विटकरी कुंडी लागते. जपानमधल्या टोकोनामेच्या तशा कुंड्या प्रसिद्ध आहेत. बघणाऱ्याची नजर आधी बुंध्यावर गेली पाहिजे. निळ्या कुंडीत ती कुंडीवरच अडकेल.

पण मला खरं बोलायचंय ते कुंडी किती खोल असावी याबद्दल.

नियम तुला पाठ आहेच: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी. तुझं झाड ४५ सेंटिमीटर, बुंधा ४. म्हणजे कुंडी ३० लांब आणि ४ खोल. लांबी मान्य. खोली मात्र मी ६ ते ७ सेंटिमीटर सांगेन. हा नियम डोळ्यांसाठी केलेला आहे. जळगावच्या मे महिन्याचा त्यात विचार नाही.

माझा पहिला पाइन मी अशाच उथळ कुंडीत गमावला. गच्चीवर, भर उन्हात, पारा ४५ च्या पुढे. सकाळी भरपूर पाणी घालून मी लग्नाला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा कुंडीला हात लावून ठेववत नव्हता. पाइनचं दुखणं असं, की तो लगेच कळू देत नाही. सुया पुढे कितीतरी दिवस हिरव्याच होत्या आणि मी आशेनं पाणी घालत राहिले. मुळं त्या दुपारीच भाजली होती. आजही त्याची आठवण आली की जीव हळहळतो. कुंडीत माती जितकी कमी तितकी ती लवकर तापते आणि लवकर वाळते, एवढंच मला तेव्हा उमगलं नव्हतं.

तू म्हणशील, खोल कुंडीत पावसाळ्यात पाणी साचेल. उलट आहे. घरी करून बघ. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धर. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज उभा कर. पुन्हा धार लागेल. कुंडीतही तसंच होतं. तळाशी ओल्या मातीचा एक थर राहतोच, कुंडी उथळ असो की खोल, आणि त्याची जाडी जवळपास सारखीच असते. उथळ कुंडीत तो थर थेट मुळांपर्यंत येतो, खोल कुंडीत खाली राहतो. म्हणजे वाढवलेले दोन-तीन सेंटिमीटर मे महिन्यातही कामाला येतात आणि श्रावणातही. मात्र माती भरड हवी: चाळलेला विटांचा चुरा, जाडी वाळू. आपली काळी माती शेताला सोनं आहे, पण कुंडीत ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते.

आकाराचं फार मनावर घेऊ नकोस. तुझं खोड सरळ आणि दणकट आहे, तेव्हा कोपऱ्यांची आयताकृती कुंडी बरी. खोडाला मऊ वळण असतं तर मी लंबगोल म्हटलं असतं. आणि तुझा पाइन चिडाच्या जातीचा आहे हे लक्षात ठेव. त्याच्या सुया जंगलात वीतभर, कधी त्याहून लांब होतात. छाटून त्या थोड्या आखूड होतील, पण इवलंसं झाड करायच्या नादात लहान कुंडी घेतलीस तर सगळं विस्कटलेल्या झाडूसारखं दिसेल.

कुंभाराकडून करून घ्यायचा तुझा विचार मला आवडला. थंड देशांत कच्च्या भाजणीच्या कुंड्या बर्फानं तडकतात. आपल्याला ती भीती नाही. शिवाय साधी मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि गार राहते. पाणी मात्र जास्त वेळा घालावं लागेल, आणि बोअरचं पाणी असेल तर बाहेरून क्षाराचा पांढरा थर धरेल. तो ब्रशनं घासून काढत जा. माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून बघ. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे.

कुंभाराला हे नीट सांग: तळाला दोन मोठी भोकं, झाड तारेनं बांधायला चार बारकी भोकं, आणि खालून वारा जावा म्हणून बोटभर उंचीचे पाय. तळ आतून सपाट हवा. पाणी ओतून बघ, कोपऱ्यात डबकं राहिलं तर ती कुंडी परत दे.

घाई नाही. कुंडी बदलायची ती संक्रांत झाल्यावर, कोंब फुगायला लागले की लगेच. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ओलांडू नकोस. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊ नकोस, ती पाइनची सोबतीण आहे. जुनी माती थोडी मुळांना राहू दे.

तोवर एक कर. जाड पुठ्ठ्याचा ३० सेंटिमीटर लांब आणि ७ उंच तुकडा काप, त्याला तपकिरी कागद चिकटव आणि झाडासमोर, बुंध्याच्या खाली धरून चार पावलं मागे जाऊन बघ. मग ६ चा कापून बघ. दोन्ही तुकडे घेऊन रविवारी ये, भरीत करते.

तुझी,
मावशी