चितळांना जंतनाशक का देत नाहीत?

प्रश्न : एकाच चितळाच्या पोटात अनेक जातींचे जंत असतात असं वाचलं. मग शेळ्यांना देतात तसं जंतनाशक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मिठाच्या विटांतून दिलं तर? आणि लेंड्या तपासून आजार कळतो का?
– एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : जातींच्या आकड्याला घाबरू नका. कोणते जंत एकत्र आहेत, ते महत्त्वाचं. पोटाच्या चौथ्या कप्प्यात रक्त पिणारा हिमोंकस हा जंत एकटाच बळावला तरी जनावर फिकं पडतं, जबड्याखाली पाणी साचतं. थोडेसे चाबूककृमी (आतड्यातले चाबकासारखे जंत) मात्र निमूटपणे वर्षानुवर्षं राहतात.

जंत काढल्यावर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातल्या रानम्हशींवर तपासलं गेलं. निष्कर्ष २०१५ साली आले. जंतनाशक दिलेल्या म्हशींना क्षयाची लागण इतरांइतकीच झाली, पण क्षयाने मरण्याचं प्रमाण नवव्या हिश्शावर आलं. जंतांशी लढण्यात गुंतलेली प्रतिकारशक्ती क्षयाच्या जिवाणूंपुढे तोकडी पडते, ती मोकळी झाली. म्हशीला फायदा, कळपाला तोटा! क्षयी म्हशी जास्त जगल्या, म्हणजे रोग पसरवायला जास्त दिवस मिळाले.

मिठाच्या विटेत तर मात्राच हातात राहत नाही. दांडगा नर भरपूर चाटतो, अशक्त पाडस जवळही फिरकत नाही. आणि कळपातले बहुतेक जंत असतात मोजक्याच जनावरांत. अपुऱ्या मात्रेतून तगलेले जंत पुढे औषधाला दाद देत नाहीत. जंतनाशक आयव्हरमेक्टिन असेल तर ते विष्ठेतून उतरून शेणकिड्यांनाही मारतं.

लेंड्यांबद्दल : ताज्या, ओलसरच घ्या. पावसाळ्यात पडून राहिलेल्या लेंड्यांत मातीतले सूत्रकृमी शिरतात, अंडीही उबून जातात. बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका; अंडी फुटतात. ४ ग्रॅम लेंड्या ५६ मिली संपृक्त मीठपाण्यात कुस्करून गाळायच्या, मॅकमास्टर काचेच्या (सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची दोन कप्प्यांची काच) दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून ५० ने गुणायचं, की दर ग्रॅमला किती ते मिळतं. चपट्या यकृतकृमींची जड अंडी तरंगत नाहीत, ती पाण्यात तळाशी बसवून पाहावी लागतात.

या आकड्यावरून जंत किती, हे मात्र ठरवू नका. हिमोंकसची मादी दिवसाला हजारो अंडी घालते, चाबूककृमीची त्याहून खूपच कमी. चाबूककृमीचं अंडं दोन्ही टोकांना बूच लावलेल्या लिंबासारखं, चटकन ओळखू येतं. हिमोंकस आणि त्याच्या भाऊबंदांची अंडी सारखीच दिसतात. ती कोणत्या गटातल्या जंतांची हे हवं असेल तर लेंड्या आठवडाभर उबवून अळ्या पाहाव्या लागतात. आणि हो, उद्यानातून लेंडीसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नका.