आयनिक लिक्विडचा कॉलम धुवायला घेण्याआधी

‘तेलाच्या नमुन्यांनंतर टेलिंग सुरू झालंय, बेसलाइन वर सरकतेय, कॉलम डायक्लोरोमिथेनने धुऊन काढतो’ हे तुमच्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या (जीसी) कॉलमबद्दलचं वाक्य वाचून पोटात गोळाच आला. (कॉलम म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करणारी बारीक नळी, आयनिक लिक्विड म्हणजे तिच्या आत लेप म्हणून लावलेलं द्रवरूप मीठ, टेलिंग म्हणजे आलेखावरच्या पीकला फुटलेली शेपटी.) धुऊ नका. मी धुतला होता.

वर्षानुवर्षं सिलिकोनचे बॉण्डेड (ज्यांचा फेज, म्हणजे आतला लेप, रासायनिक बंधांनी पक्का बसवलेला असतो असे) कॉलम धुतलेत, त्यामुळे हात आपोआप त्या वळणावर जातो. पण माझा आयएल-111, म्हणजे आयनिक लिक्विडचा कॉलम, नॉन-बॉण्डेड होता. म्हणजे फेज हा खरोखरचा द्रव, आतल्या भिंतीवर नुसता पसरलेला. 30 मीटर लांबी, 0.25 मिमी व्यास, 0.20 मायक्रॉनचा थर. हिशेब केलात तर अख्ख्या कॉलममध्ये फेज जेमतेम 5 मायक्रोलिटर भरतो. त्यातून मी 5 मिली डायक्लोरोमिथेन ढकललं. खालच्या व्हायलमध्ये काही घाण दिसली नाही म्हणून वर खूश! दुसऱ्या दिवशी मिथाइल स्टिअरेट (एका फॅटी ॲसिडचा एस्टर) नेहमीच्या निम्म्याहून कमी वेळात बाहेर. शंका आली म्हणून ते सॉल्व्हन्ट वॉचग्लासवर उडू दिलं. काचेवर चिकट, तेलकट डाग राहिला, गरम करूनही सुकेना. तो डाग म्हणजे धुऊन निघालेला फेज, म्हणजे माझा कॉलम.

त्याहून जास्त डोकं फिरवलं ते पुरवठादाराच्या मदतकक्षाने. तोच फॉर्म तीनदा भरून घेतला. उत्तरं ठरलेली: गळती तपासा, सेप्टम (इनलेटवरचं रबरी बूच) बदला, रात्रभर बेक करा. ‘कॉलम धुतलात का?’ एवढं एकाने विचारलं नाही. ‘नॉन-बॉण्डेड’ हा शब्द कॉलमच्या माहितीपत्रकात होता, तोही मीच नंतर शोधला. (आधी का नाही वाचला, हे कृपया विचारू नका.)

तुमच्या जागी मी लायनर (इनलेटमधली काचनळी) बदलून इनलेटकडचा अर्धा मीटर कापला असता आणि पुढे गार्ड कॉलम (घाण अडवणारा लेपाविना छोटा तुकडा) जोडला असता. आणि टेलिंग नेमकं कशाचं आहे ते आधी बघा. एस्टर आणि अल्केन सरळ येत असतील आणि फक्त अल्कोहोल शेपटी ओढत असेल, तर दोष घाणीचा नसून फेजच्या स्वभावाचा असू शकतो. 1999 साली आर्मस्ट्राँग यांच्या गटाने हे द्रव जीसीत तपासले तेव्हाच दिसलं होतं की नुसता त्यांच्यातला ऋणायन (ऋणभारित आयन) बदलला तरी अल्कोहोलवरची पकड बदलते.

जाता जाता, सायनोप्रोपिल कॉलमची (फॅटी ॲसिडसाठी नेहमी वापरतात तो) पीक टेबल, म्हणजे कोणतं पीक कशाचं याची यादी, इथे उचलून लावू नका. असंतृप्त एस्टर इथे फार मागे रेंगाळतात, लिनोलेनिकच्या आधी लांब साखळीचे संतृप्त एस्टर निघून जातात. एकेक स्टॅण्डर्ड (ओळखीचा शुद्ध नमुना) सोडूनच नावं द्या.

माझा अनुभव फॅटी ॲसिडपुरता आणि एकाच मालिकेच्या कॉलमचा. तुमचा बॉण्डेड निघाला तर वरचं धुण्याबद्दलचं सोडून द्या. कोणता कॉलम आहे तेवढं लिहा.